अंगावर काढलेले दुखणे आणि भौतिकोपचाराची रिकामी जागा

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने एक पत्र काढले. भौतिकोपचार तज्ज्ञांनी, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या फिजिओथेरपिस्टनी, आपल्या नावाआधी ‘डॉक्टर’ ही उपाधी लावू नये, असा त्या पत्राचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात भौतिकोपचाराचा नवा पाच वर्षांचा अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला होता आणि त्यात या उपाधीला मुभा दिलेली असल्याने वादाला तोंड फुटले होते. वैद्यकांच्या संघटना एका बाजूला आणि भौतिकोपचार तज्ज्ञ दुसऱ्या बाजूला, अशी रस्सीखेच पुढे बरेच दिवस चालली. उपाधीचा प्रश्न क्षुल्लक आहे, असे म्हणता येणार नाही. रुग्णाची दिशाभूल होऊ नये, ही अपेक्षा रास्तच आहे. तथापि, हा व्यवसाय आज कोणत्या रुग्णापर्यंत पोहोचला आहे आणि कोणापर्यंत पोहोचलेलाच नाही, हा अधिक मूलभूत प्रश्न त्या गदारोळात फारसा विचारला गेला नाही.

गुडघा, खांदा, मान, कंबर, पक्षाघातानंतरचे व्यायाम, खेळाडूंच्या दुखापती. भौतिकोपचार म्हटले की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर एवढेच चित्र उभे राहते. आपल्या देशात या विद्येचा पाया १९५० च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या छायेत, मुंबईच्या केईएम रुग्णालयात घातला गेला, हे लक्षात घेता ते स्वाभाविकही आहे. परंतु याच विद्येची एक शाखा अशी आहे की जिची गरज लक्षावधी घरांत आहे आणि जिचे नावही त्या घरांत कोणी ऐकलेले नाही. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवरील उपचारांची ही शाखा होय.

पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे अवयव या झोळीच्या आधारावर असतात. लघवी व शौच रोखणे, योग्य वेळी सोडणे, खोकताना अथवा ओझे उचलताना पोटात वाढणारा दाब पेलणे, शरीरसंबंधात सैलावणे, प्रसूतीच्या वेळी ताणले जाणे, ही सारी कामे तिच्याकडे आहेत. ही झोळी ढिली पडली तर शिंकताना, हसताना, पाण्याचा हंडा उचलताना लघवी निसटते. दुबळेपणा वाढला आणि आधाराचे इतर तंतूही सैल पडले तर गर्भाशय खाली सरकते. आपल्याकडे बायका त्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. याच्या नेमके उलटही घडू शकते. हेच स्नायू सतत आवळलेले राहिले तर ओटीपोटात कायमची ओढ लागते, बसणे नकोसे होते, लघवीला पुन्हा पुन्हा जावेसे वाटते, शरीरसंबंध वेदनामय होतात. पहिल्या प्रकारात स्नायूला बळ द्यावयाचे असते, दुसऱ्यात त्याला सैल व्हायला शिकवायचे असते. हा भेद ध्यानात ठेवला नाही तर उपचारच अपकार ठरतो.

पहिल्या प्रकारावरील उपचाराचा इतिहास बराच जुना आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या क्रमशः वाढत जाणाऱ्या व्यायामाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेकडे वळण्याआधी स्नायूला पुन्हा कामाला लावून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. स्त्रीला आपण योग्य स्नायू आवळतो आहोत की नाही हे कळावे, म्हणून त्यांनी हवेचा दाब दाखविणारे एक साधे उपकरणही वापरात आणले. पुढे व्यायाम केगेल यांच्या नावाने जगभर पोहोचला. ते उपकरण आणि त्यामागचा ‘आधी तपासा, मग शिकवा’ हा विचार मात्र वाटेत गळून पडला. आज समाजमाध्यमांवर ‘दिवसातून शंभर वेळा आवळा’ असे सांगणाऱ्या चित्रफिती उदंड आहेत. आवळण्याऐवजी खाली जोर देणाऱ्या स्त्रिया कमी नसतात, हे या क्षेत्रात काम करणारे कोणीही सांगेल. अशा स्त्रीने शंभर वेळा चुकीचा जोर दिला, तर जे सावरायचे तेच अधिक खचते. योगाभ्यासातील मूलबंध आपल्या परिचयाचा असल्याने या स्नायूंची ओळख करून देणे आपल्याकडे सोपे जावे. पण परिचय म्हणजे उपचार नव्हे.

योग्य रीतीने शिकविलेल्या व्यायामाचा गुण किती, याविषयी आता फारसा संशय राहिलेला नाही. वैद्यकीय पुराव्यांचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये या विषयावरील चाचण्या एकत्र अभ्यासल्या. खोकताना-शिंकताना लघवी निसटण्याचा त्रास असलेल्या स्त्रियांपैकी, हा व्यायाम करणाऱ्या सुमारे ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण अवघे ६ टक्के होते. ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा रुग्णाला प्रथम किमान तीन महिने देखरेखीखालील व्यायाम द्यावयाचा असतो. दुसऱ्या, म्हणजे आवळलेल्या स्नायूंच्या प्रकारातही पुरावा आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूत्राशयाच्या चिवट वेदनेने त्रस्त आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुखरे असलेल्या ८१ स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील स्त्रियांच्या आवळलेल्या स्नायूंवर प्रशिक्षित हातांनी थेट उपचार केले, दुसऱ्या गटाला केवळ सर्वांगाला मालिश देण्यात आले. पहिल्या गटातील ५९ टक्के स्त्रियांना बरे वाटले, दुसऱ्यातील २६ टक्क्यांना. मालिशनेही चौथ्या हिश्श्याला आराम पडावा, ही बाब या वेदनेच्या स्वरूपाबद्दल बरेच काही सांगून जाते.

हे दुखणे केवळ स्त्रियांचे नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे. ओटीपोटाच्या चिवट वेदनेने हैराण झालेल्या पुरुषांना पुरःस्थ ग्रंथीला सूज आली आहे असे सांगून प्रतिजैविकांचे एकामागून एक क्रम दिले जातात. यांपैकी बहुसंख्य रुग्णांमध्ये जंतुसंसर्ग सापडतच नाही आणि अनेकांच्या वेदनेचा उगम या स्नायूंच्या ताणात असतो. स्त्री लाजेने गप्प बसते. पुरुष औषधांच्या दुकानात जातो, एवढाच फरक.

आता आपल्या परिस्थितीकडे वळू. या विषयावरील भारतातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक अवयवांचा एक वा अधिक विकार होता. आणि यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या ८ टक्के. तोवर सरकारी धोरणाला ग्रामीण स्त्री दिसत होती ती गर्भवती म्हणून किंवा कुटुंबनियोजनाची लाभार्थी म्हणून. या दोन अवस्थांच्या मधली स्त्री तिच्या दुखण्यासह प्रथमच आकड्यांत उतरली. त्या विकारांत जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता. ते सारे भौतिकोपचाराने बरे होणारे होते असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. दुखणे अंगावर काढण्याची जी सवय त्या अभ्यासाने उघडी पाडली, ती मोडावी यासाठी गेल्या साडेतीन दशकांत काय उभे राहिले?

बरेच काही उभे राहिले, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ च्या फेरीत दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण ३८.७ टक्के होते. २०१९-२१ च्या फेरीत ते ८८.६ टक्क्यांवर गेले. हे यश लहान नाही. घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा जो कार्यक्रम आज ‘आशा’ कार्यकर्ती देशभर राबवितात, त्याचाही उगम गडचिरोलीच्याच मातीतला. प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांत आशाताई सहा ते सात वेळा घरी येते. बाळाचे वजन, ताप, श्वास पाहते; आईला रक्तस्राव होतो आहे का, ताप आहे का, स्तनपान नीट चालले आहे का, हे विचारते. खोकताना लघवी निसटते का, खाली काही उतरल्यासारखे वाटते का, ही विचारपूस या भेटींचा गाभा कधीच नव्हती. आणि बेचाळिसाव्या दिवशी आईची फाईल जवळजवळ बंद होते.

घरातली व्यवस्थाही निराळी नाही. सव्वा महिना बाळंतिणीला शेक, मालिश, डिंकाचे लाडू, पोटाला घट्ट बांधलेली पट्टी, हे सारे मिळते. निदान ज्यांना परवडते त्यांना मिळते. त्यात मायाही असते आणि विश्रांतीचे शहाणपणही. पण त्या व्यवस्थेचे लक्ष पोट आत जाण्याकडे असते. पोटाखालच्या झोळीविषयी ती मूक आहे. लघवी निसटते म्हणावे तर सासू म्हणते, ‘बायकांना व्हायचंच.’

या मौनाची किंमत कोठे मोजली जाते, हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्याने दाखवून दिले. ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा चव्हाट्यावर आल्यानंतर राज्य सरकारने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली असल्याचे आढळले. कारणे अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. उचल घेऊन कारखान्याच्या फडावर गेलेल्या जोडप्यापैकी एकानेही खाडा केला तर दंड पडतो. तिथे शौचालय नाही, पाणी नाही. अंगावरून पांढरे जाते, कंबर भरून येते, ओटीपोट दुखते. अशी तक्रार घेऊन खासगी दवाखान्याची पायरी चढलेल्या स्त्रीला ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळतो. कर्करोगाची भीतीही घातली जाते. पिशवी गेली की कटकट गेली, असा तिचाही समज होतो.

तो समज खरा असतोच असे नाही. वेदना जर आवळलेल्या स्नायूंतून येत असेल, तर गर्भाशय काढल्याने ती जाण्याचे कारण नाही. स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात तर असे दिसले की, कर्करोग नसताना गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढील आयुष्यात लघवी निसटण्यावरील शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका इतर स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होता. म्हणजे एक शस्त्रक्रिया दुसरीला आमंत्रण देऊ शकते. देशपातळीवर पाहता, २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३ टक्के स्त्रियांची गर्भाशये काढलेली आहेत; आंध्र प्रदेश आणि तेलंगण या राज्यांत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या पुढे आहे.

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असे न्यायालयाने सांगितले. देखरेख समित्या, शस्त्रक्रियांच्या नोंदी, दोषी रुग्णालयांवर कारवाई, या दिशेने ही पावले आहेत आणि ती आवश्यकच होती. परंतु ‘शस्त्रक्रिया करू नका’ असे सांगितल्यानंतर ‘मग काय करायचे?’ हा प्रश्न शिल्लक राहतोच. अतिरक्तस्रावासाठी औषधे आहेत, संसर्गासाठी आहेत. वेदना, लघवी निसटणे, थोडेसे खाली आलेले अंग, यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी काय आहे?

येथे पैशाचा ओघ पाहणे उद्बोधक ठरेल. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेने गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले, ही मोठी गोष्ट आहे. मात्र ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. गर्भाशय काढणे त्या चौकटीत बसते; आठवड्यातून एकदा बाह्यरुग्ण विभागात येऊन तीन महिने व्यायाम शिकणे बसत नाही. कोणाच्या मनात काही वाईट नसताना, केवळ नियमांच्या रचनेमुळे स्वस्त उपचार रुग्णाला महाग पडतो आणि महाग उपचार फुकट मिळतो. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या साधारण दहा उपचारसत्रांचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा उचलतो. त्या देशाची तिजोरी आणि लोकसंख्या वेगळी आहे, हे खरे. पण दहा सत्रांचा खर्च एका शस्त्रक्रियेपेक्षा अधिक नसतो, हे गणित मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

मग प्रत्येक बाळंतिणीला हे उपचार द्यावेत काय? येथे उत्साहाला आवर घातला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या प्रसूतिपश्चात काळजीविषयक मार्गदर्शिकेत, लघवी वा शौच निसटू नये म्हणून सरसकट सर्व स्त्रियांना हा व्यायाम सुरू करण्याची शिफारस केलेली नाही. ज्यांना त्रास सुरू झाला आहे त्यांना मात्र या व्यायामाच्या लाभाची माहिती द्यावी, असे तिचे म्हणणे आहे. प्रस्तुत लेखकाला ही भूमिका आपल्या परिस्थितीला अधिक मानवणारी वाटते. कोट्यवधी स्त्रियांना छापील पत्रक वाटण्याची मोहीम आपल्या यंत्रणेला सहज जमेल, आणि तेवढ्यावर काम झाले असे समजलेही जाईल. ज्या स्त्रीला त्रास आहे तिला ओळखणे, आडोशाला नेऊन तपासणे, तिच्या संमतीने स्नायूची अवस्था पाहणे आणि त्यानुसार बळकटीचा किंवा सैलावण्याचा उपचार ठरविणे, हे अवघड आहे. त्यासाठी प्रशिक्षित, बहुधा स्त्री, भौतिकोपचार तज्ज्ञ हवी. दार बंद होणारी खोली हवी. गाठ, संसर्ग, कर्करोग यांची शक्यता आधी डॉक्टरांनी तपासलेली हवी. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीला व्यायामाच्या भरवशावर ठेवणे हा अक्षम्य अपराध ठरेल.

आणखी एक अडचण आहे, जी वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात फारशी आढळत नाही. अंग खाली आलेल्या स्त्रीला ‘जड उचलू नका’ असा सल्ला दिला जातो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईने या सल्ल्याचे काय करावे? लघवी तुंबवून धरू नका, भरपूर पाणी प्या, असे सांगितले जाते. उघड्या फडावर, पुरुषांच्या देखत, ती कोठे जाणार? दिवसातून तीन वेळा स्वस्थपणे करावयाचा व्यायाम पहाटे चारला कामाला लागणाऱ्या बाईच्या दिवसात कोठे बसवायचा? भौतिकोपचाराची शिफारस करणाऱ्यांनी या प्रश्नांना बगल दिली तर तोही एक शहरी चोचला ठरेल. आज हे उपचार मिळतात ते मुख्यतः मुंबई, पुणे, दिल्ली, बेंगळुरूसारख्या शहरांतील निवडक रुग्णालयांत आणि खासगी दवाखान्यांत.

२०२१ मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर केला आणि भौतिकोपचाराला प्रथमच देशपातळीवर वैधानिक चौकट मिळाली. शिक्षणाचा दर्जा आणि नोंदणी यांची व्यवस्था तीतून लागेल. पण चौकट म्हणजे पद नव्हे. भौतिकोपचार तज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात पूर्णवेळ असणार की नाही, ओटीपोटाच्या तळाची तपासणी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकविली जाणार की तो धडा केवळ लेखी परीक्षेपुरता राहणार, यांचे निर्णय राज्यांना आणि महाविद्यालयांनाच घ्यावे लागतील.

दरम्यान, नव्या पदांची वाट न पाहता करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. बाळ दीड महिन्याचे झाले की त्याला लसीसाठी आरोग्य केंद्रात आणले जाते. या लसीकरणाची व्यवस्था आपल्याकडे गावोगाव पोहोचली आहे. बाळाला मांडीवर घेऊन त्या दिवशी आईही तिथेच बसलेली असते आणि तिच्या हातात माता व बाल संरक्षण कार्ड असते. खोकताना लघवी निसटते का, खाली काही उतरल्यासारखे वाटते का, बसताना किंवा संबंधाच्या वेळी दुखते का, असे तीन प्रश्न परिचारिकेने तिला बाजूला घेऊन विचारायला पाच मिनिटे पुरतील. यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर तिला कोठे पाठवायचे, हे लिहिण्यासाठी त्या कार्डावर आज जागा नाही. आणि बहुतेक तालुक्यांत तसे ठिकाणही नाही.